दोषाचे कारण

लिफाफ्यात लिफाफा होता.
बाहेरच्यावर माझं पद, आतल्यावर लाखेचा लाल ठिपका.
आणणारा हवालदार देवगडचा नव्हता;
त्याने पाणीसुद्धा मागितलं नाही.

कलम पाच, पोटकलम दोन.
सचिवांची सही, शिक्का, जावक क्रमांक,
मुदत दोन महिने.
'सहकार्य करणे बंधनकारक आहे' या ओळीतला
'ब' झिजका होता, अर्धाच उमटलेला.
मी तो पुरा वाचला.

रात्री साडेदहाला, एक्स्चेंज रिकामं झाल्यावर,
मेन फ्रेमला शिडी लावली.
जोडी क्रमांक चारशे सतरा.
हातभर जंपर, दोन टाके, कथलाचा थेंब.
एवढंच.
ऐकणं आमच्याकडे नाही.
आम्ही दार किलकिलं करून द्यायचं,
कोण डोकावतं ते बघायचं नाही,
आणि दार होतं हेही सांगायचं नाही,
नवऱ्याला नाही, लाइनमन आबा मिठबावकरला नाही,
झोपेत नाही.

चारशे सतरा म्हणजे जयवंत कोयंडे,
बर्फाचा कारखाना, आनंदवाडी.
अर्ध्या बंदराची सुरमई त्याच्या लाद्यांवर निजते.
त्याने काय केलं होतं?
आदेशात कारणाच्या रकान्यात
'सार्वजनिक सुरक्षितता' असे दोनच शब्द.
मला तिसरा विचारायचा अधिकार नव्हता.

अकराव्या दिवशी एक-नऊ-आठवर तक्रार आली.
फोन मीच उचलला.
"गे बाय, फोनात खरखर येता.
आवाजाच्या पाठसून कोणतरी उभो आसा,
असा वाटता माका."

तक्रार चोवीस तासांत बघायची, हाही नियमच.
एका नियमाने लावलेली खरखर
दुसऱ्या नियमाने काढायची होती.
मी आबाला पाठवलं.
तो खांबावर चढला, पेटी उघडली,
तांब्यावरचा हिरवा थर रॉकेलने पुसला,
काचकागद मारला, उतरला.
"खार लागलो हा बाई, दुसरा काय!"

आणि खार होताच.
आमच्याकडे बिजागऱ्या दोन पावसांत गळतात,
सायकलीची घंटी मुकी होते,
किल्ली कुलपात मोडते.
मला खोटं बोलावंच लागलं नाही.
मी नुसतं "असेल" म्हटलं.

त्या रात्री पुन्हा शिडीवर गेले.
माझाच एक टाका कच्चा होता,
घाईतला, राखाडी, सुरकुतलेला.
वीस वर्षं नोकरी केलेल्या हाताला तो बघवेना.
तापवला, काढला, नवा मारला:
चकचकीत, थेंबासारखा गोल.
आता कुणालाच काही जाणवणार नव्हतं.

सकाळी कोयंड्यांचा फोन.
"आता बरा. सगळा साफ आयकाक येता."
मी म्हटलं, "हो ना."

दोन महिने झाले. नवा लिफाफा आला नाही.
मी जंपर कापला.
आदेशाची प्रत, पोचपावती, माझी टिपणं
साहेबांच्या समोर जाळली, दोघांच्या सह्या झाल्या,
राख माडाच्या आळ्यात ओतली.
मग नष्ट केल्याचा दाखलाही वर गेला.

कोयंड्यांना कुणी पकडलं नाही.
कुणी सोडलंही नाही, कारण धरलंच नव्हतं.
बर्फाचे ट्रक पहाटे भुसा सांडत जात राहिले.
मार्गशीर्षात त्यांच्या धाकटीचं लग्न झालं,
एक्स्चेंजला वेगळी पत्रिका होती.
मी गेले. आहेर दिला.
मांडवाच्या दाराशी त्यांनी विचारलं,
"तेव्हा नेमका काय झाला व्हता गे बाय?"
मागे सनईवाल्याने नेमकी तेव्हाच फुंक सोडली होती.
मी कानाला हात लावला,
ऐकू न आल्यासारखा.

त्या वर्षीची तक्रार वही
अजून कपाटात आहे, वरून दुसरी.
चारशे सतरा. दोषाचे कारण: खारी हवा.
निवारण: होय. खाली माझी सही.
ती वही जाळायचा आदेश
कुणी दिलेला नाही.