माया सोडून

मागच्या पाण्याची आमच्या घरातली उंची सतरा इंच.
पाणी उतरल्यावर मी टेप लावून मोजली,
कपाटाच्या दारावर तपकिरी रेघ उठली होती तिथपर्यंत.
दिवाणाची उंची अठरा.
म्हणजे माया एकच इंच.
एवढ्या मायेत मी कुणाचा ब्लाउजसुद्धा शिवत नाही.

म्हणून यंदा विटा आणल्या, सोळा.
बोनकोड्याच्या बांधकामावरच्या मुकादमाकडून,
बदल्यात त्याच्या बायकोच्या दोन साड्यांना फॉल.
आठ दिवाणाखाली, आठ फ्रिजखाली.
मामंजी खुर्चीतून बघतात.
बत्तीस वर्षं कांद्याबटाट्याच्या गोणी वाहिल्या मार्केटात,
आता उजवा गुडघा वाकत नाही,
पण थप्पी तिरकी लागली की मान हलते.
"तांदूळ भिंतीला टेकवू नकोस. भिंत पाणी पिते."

लोक दाराला फळी लावतात.
आमच्याकडं पाणी दारातून येत नाही,
ते मोरीच्या जाळीतून येतं, गुळगुळ करत,
घरच्या माणसासारखं, आतल्या बाजूनं.
ह्यांच्या जुन्या जीन्सचा एक पाय कापला,
दुहेरी टीप मारली, वाळू भरली,
ठेवला जाळीवर दाबून.
दुसरा संडासाच्या भांड्यात.
दुर्वा मैत्रिणीला फोनवर सांगते,
"बाबा तुर्भ्याला कामावर आहेत, पाय मोरीत आहेत."

पेपरात चौकट आलीय:
भरती दुपारी एक पन्नासला, चार मीटर ऐंशी.
खाडी चढली की झडपा मिटतात,
धारण तलाव तुडुंब होतो
आणि आपल्या सेक्टरचा पाऊस आपल्याच सेक्टरात राहतो.
मी मीटरचे इंच करायला बसले.
एकशे एकोणनव्वद.
वही मिटली.

सगळ्यांत आधी वर गेलं ते लोकांचं कापड.
तेवीस ब्लाउजपीस, चिठ्ठ्या टाचून,
आणि दळवीबाईंच्या आईचं जुनं इरकल,
त्याचा तिला परकर नको, झबलं हवंय नातीला.
वरच्या शीजानं पलंगावरची स्वतःची उशी काढली,
म्हणाली, इथं ठेव, इथं गळत नाही.
मापांची वही मात्र मी पोटाशी धरून आहे.
मागच्या वेळी शाई पसरली होती,
सगळ्या सेक्टरच्या छात्या, मुंढे, गळे
एकमेकींत मिसळून गेले होते.
दोन महिने बायका पुन्हा हात वर करून उभ्या.

मशीनचं डोकं माळ्यावर. धड खालीच.
रेशनकार्ड, बोर्डाचं कार्ड, शुगरच्या गोळ्या
पिठाच्या डब्यात, झाकणाला चिकटपट्टी.
मेन स्विच दुर्वा पाडणार, स्टुलावर चढून.
तीनदा सराव झाला.
तिसऱ्यांदा पंखा बंद झाला तेव्हा
बाहेरचा पाऊस एकदम घरात आल्यासारखा ऐकू आला.

एक वाजता म्हटलं, मामंजी, चला, दिवाणावर.
अठरा अधिक सहा, चोवीस.
माया सात इंच, मी खूश.
ते उठले. हात टेकला.
गुडघा नाही म्हणाला.
पुन्हा टेकला.
मी सगळं मोजलं होतं,
एक त्यांचं पाऊल तेवढं मोजलं नव्हतं.

विटा काढायला वेळ नव्हता.
एका बाजूनं मी, एका बाजूनं दुर्वा.
"कमरेतून नको," ते म्हणाले, "पायातून उचला.
श्वास धरा. आता."
आणि बत्तीस वर्षं ज्यानं उचललं
तो माणूस डोळे मिटून वजन झाला.
बसल्यावर धोतर सारखं केलं,
जरा हसले,
"थप्पी बरी लागली."

एक चाळीस.
टेप माझ्या गळ्यात तशीच.
मोरीतला पाय घोट्यापर्यंत काळा पडलाय,
हळूहळू पोटरीकडं.
दुर्वा स्टुलावर उभी, बोट स्विचवर,
माझ्या तोंडाकडं बघत.