उजव्या बाजूचे खिळे

मिरजेच्या रेल्वे क्वार्टरला दोन,
गावभागातल्या घराला दोन,
आणि आता विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
ड्रिल मारायला सोसायटीची परवानगी लागते.
"दाराबाहेर काय लावणार?" सेक्रेटरी विचारतात.
मेझुझा. बोटाएवढी डबी असते.
आत वचनं असतात.
"म्हणजे ताईत."
बरं, ताईत.

गावभाग सोडला तो पाण्यामुळं.
एकोणीस साली कृष्णा जिन्याच्या नवव्या पायरीवर थांबली,
एकवीसला पुन्हा येऊन सातवी मोजून गेली.
पहिल्या खेपेला गच्चीवर दोन रात्री
मी, नसीमा बागवान, तिची सासू
आणि पिंजऱ्यात एक पोपट, सारखा "कोण आलं" म्हणणारा.
शुक्रवार उतरला तसे
तासगावचे काळे बेदाणे भिजवलेले होते ते
मुठीत कुस्करून, ओढणीतून गाळून
स्टीलच्या पेल्यावर मी किद्दुश म्हटला.
यात नशा नाही ना, नसीमानं विचारलं.
नाही गं, हेही पाणीच.
मग तिनंही एक घोट घेतला.

घर एकाच बिल्डिंगमध्ये बघायचं ठरलं होतं,
ती खाली, मी वर, किंवा उलट.
मालकांनी आधी तिचं आडनाव ऐकलं.
फ्लॅट गेला म्हणाले.
चौथ्या दिवशी तोच फ्लॅट एजंटनं मला दाखवला.
"झिराडकर म्हणजे कोकणातले?"
मूळचे. अलिबागकडचे.
"आणि रिबका? ख्रिश्चन का?"
नाही. बेने इस्राएल. शनवार तेली म्हणायचे आम्हाला,
शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून.
मालकांचा चेहरा उजळला.
"अहो, मग आपलेच की!
तुमच्या लोकांनी त्यांना कसं सरळ केलं!
आणि व्यवहाराला तुम्ही पक्के, ऐकून आहे."
अकरा महिन्यांचा करार, पन्नास हजार डिपॉझिट.
चहात साखर जरा जास्तच होती.
मी प्याले.

शुक्रवारी फोनवर भांडण असतं.
अश्दोदहून एलिजा: हिंदुस्थानात आपल्याला
कुणी कधी बोट लावलं नाही, दोन हजार वर्षं.
हे वाक्य तो आजोबांच्या आवाजात म्हणतो.
ठाण्याहून शेबा: मग उमरखाडी, भायखळा, ठाणे
असं घर हलता हलता
मी डबी दाराच्या आतून का लावायला लागले?
ती भीती झाली. द्वेष वेगळा.
अस्सं? आणि भीती काय हवेतून येते?
भाजी करपतेय, मी म्हणते, ठेवते.

भाजी नव्हती.
मला पाटणे सर आठवत होते, गणिताचे.
त्यांना आम्ही हिटलर म्हणायचो, कौतुकानं.
त्यांनाही आवडायचं.
सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणायचे.
घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते.
त्यांनी घास ताटात ठेवला,
पुन्हा उचलला.
"शिकवतात चांगलं ना?" एवढंच विचारलं.

एलिजाचं खरं आहे. मला कुणी काही म्हटलेलं नाही.
आपलेच म्हटलंय.
तो शब्द पर्समध्ये किल्लीशेजारी आहे
आणि किल्ली शोधताना दर वेळी
आधी तोच हाताला लागतो.

नसीमाचा फोन आला. लागलं का घर? कितवा मजला?
तिसरा.
"मग पाणी नाही यायचं," ती म्हणाली,
आणि पोपटाचं काहीतरी सांगत राहिली.
कुठली बिल्डिंग, तिनं विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.

आज परवानगी आली. सुतार दारात ड्रिल धरून उभा.
"मावशी, उजवीकडं म्हणजे कुणाच्या?
बाहेर जाणाऱ्याच्या, का आत येणाऱ्याच्या?"
आत येणाऱ्याच्या, मी म्हणाले,
आणि खाली जिन्याकडं बघितलं.
सगळ्या पायऱ्या कोरड्या.