आठ स्टोनपर्यंत

स्केगनेसच्या वाळूत ती पाटी अजून आहे:
आठ स्टोनच्या वरच्यांनी बसू नये.
मी तेव्हा सात होते.
सात, ओव्हरकोट धरून,
आणि ओव्हरकोट माझा नव्हता.

सत्याहत्तरचा ऑगस्ट. ग्रिम्सबीच्या हॉस्पिटलातून
रविवारची बस धरून आलो होतो दोघी,
मी एक्स-रे खात्यातली, कुंदा वॉर्ड नंबर चारची.
पैसे तिने दिले. मी साडीचा काष्टा खोचला
नि बसले गाढवावर,
तर रांगेतली पोरं टाळ्या पिटायला लागली.
"कळवू का घरी," कुंदा ओरडली,
"लेक विलायतेत गाढवावरून धिंड काढून घेतेय,
वर पदरचे पैसे मोजून?"

तिने काढलेले फोटो धुऊन आले ते पांढरे.
मधेच मागचं झाकण उघडलं होतं तिने,
किती उरलेत ते बघायला.
बाराच्या बारा उजेडाने खाल्ले.

पुरुषांना गद्धेपंचविशी असते.
लोक ती माफ करतात, पुढे सांगायला ती रंगतेही.
माझी एका दुपारीपुरती होती,
गाढवासकट होती,
आणि तिचा पुरावा नाही.

मग चौतीस वर्षं हाडं पाहिली.
मासेमारांच्या बरगड्या, शाळकरी मनगटं,
खुब्यातला बारीक तडा.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
दिवसातून साठ वेळा, त्यांच्या भाषेत.
चेहऱ्याकडे बघायचं काम नव्हतं.

आता चेहरेच काढते, म्हाताऱ्या जनावरांचे.
काळा पडदा, एक खिडकी, बाकी काही नाही.
कानात नंबर गोंदलेला ग्रेहाउंड,
शर्यत सुटून नऊ वर्षं झालेला.
एक आंधळी मेंढी, जी माझ्या खोकल्याकडे तोंड वळवते.
लेक विचारते, आई, माणसं का नाही काढत?
माणसं कॅमेऱ्यापुढे तरुण व्हायला बघतात गं.
मेंढीला ते सुचत नाही.

आज ब्लॅडनच्या तबेल्यात प्रिमरोज.
तेहतीस वर्षांची, म्हणजे ती ही नव्हे,
हे मला कळतं, हिशेब येतो मला.
"हिची आजी असेल त्या रांगेत," केन म्हणतो, माझं मन राखायला.
मग टोपी काढून डोकं खाजवतो:
"नसेलही."

नाकाभोवती पीठ सांडल्यागत पांढरं.
खोगिराच्या जागी केस गेलेत ते गेलेतच.
खांद्यावरून आडवी काळी रेघ,
तिच्याखाली माझी जुनी खोड मणके मोजते.
श्वास घे, मी म्हणते, मराठीत.
(केन कान टवकारतो, ती नाही.)
धरून ठेव.
ती धरत नाही.
नाकातून वाफ, फोटोभर वाफ,
मग पडद्याची कड तोंडात,
मग कॅमेऱ्याचा पट्टा.
गाढवापुढे वाचली गीता, कुंदा म्हणाली असती.
गेल्या नोव्हेंबरात लेस्टरला गेली ती.
फोन तिच्या सुनेचा आला, इंग्रजीतून,
आणि मी थँक्यू म्हणाले.

मी पुढे सरकते. इतकी, की डोळाच उरतो.
निळसर साय धरलेला, कडेला पाणी.
त्यात खिडकी, वाकडी.
केनचं कोपर.
आणि कोटातलं काहीतरी इवलंसं, ओणवं,
सात स्टोन की अकरा
ते सांगता येऊ नये इतकं लहान.

चाप ओढते.
श्वास मीच धरला होता, सोडते.

कुंदा, रीळ अजून आत आहे.
झाकण उघडलेलं नाही.
किती उरलेत,
बघितलं नाही मी.