विनाकारण

बाहेर सेहेचाळीस अंश. कूलर बादलीभर पाणी पिऊन घोरतोय.
मी टॅब लोणच्याच्या बरणीला टेकवते
आणि चपला न घालता निघते.

टॅबमध्ये रात्रीचे अकरा वाजलेत.

तो पोरगा बोलत नाही, बरं आहे.
नाव ठाऊक नाही, तोंड पाहिलं नाही.
एकदा बंद दुकानाच्या काचेत
काळी बॅग दिसली आणि एक कोपर, एवढंच.
बाकी नुसते त्याचे पाय ऐकू येतात,
डावा जरा घासत चालणारा.

शुक्रवारी दरवाजात शिरलो की
कमानीखाली पायांचा आवाज बदलतो, चार पावलं,
मग पुन्हा पहिल्यासारखा.
हे मी साफ विसरले होते.

बडकस चौकात तो सरळ जातो.
डावीकडे वळ ना बाप्पा, मी म्हणते,
सांबारवडीचं दुकान राहिलं.
बंद असेल, पण पाटी तर दिसेल!
वळत नाही. रोज सांगते, रोज सरळ जातो.

केळीबाग रस्ता आता केवढा रुंद.
कापलेल्या घरांच्या उघड्या भिंती,
एकीवर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीला,
निळा रंग, कोनाडा
आणि कोनाड्याखाली तेलाचा ओघळ.
कुणीतरी तिथे रोज दिवा लावत होतं.
आता तिथवर जायला जिनाच नाही.

या भागात मी एकोणीस वर्षं राहिले.
रात्री अकराला तो कसा दिसतो, मला माहीत नव्हतं.
पाण्याला, रॉकेलला, भरलेल्या कांड्या पोचवायला,
मारबतीच्या दिवशी भावाचं मनगट धरून,
सगळं चालणं कामाचं.
हातात काही नसताना
गोळीबार चौक ओलांडल्याचं आठवत नाही.

आता पाट्या वाचते. मांजर दिसलं की थांबवते.
एका शटरवर कोणी खडूने हिशेब मांडलाय,
त्याची बेरीज केली. चुकली आहे, सात रुपयांनी.
कुणाच्या घरची, कुठे निघालीस,
कोणी विचारत नाही.

मग तांडापेठ. तेवीस मिनिटं, चौदा सेकंद.
बंद दारामागून
खट्-खटाक्, खट्-खटाक्.
चार सेकंद. लगेच मोटरसायकल.

मागे घेते. परत मागे.
वेग अर्धा केला की बाबांचा माग,
दीडपट केला की थोरली देवका,
हात झपझप, आणि तोंडही तसंच.
प्रणोती दारातून डोकावते.
आई, ती पाण्याची मोटर असेल.
रात्री अकराला माग कोण चालवतं?

लग्नसराईत बाबा चालवायचे.
पण असेल. मोटर असेल.

ऑटो करू का, ती विचारते, पाऊण तासात पोचू.
पोरगी चांगली आहे.
मनीषनगराहून तांडापेठ काही विलायत नाही,
तेही ठाऊक आहे मला.
पण तिथे गेले की मी खरोखर तिथे असेन.
मग गुडघे दुखतील, मग कौसल्या नंदनवार
ओट्यावरून हाक मारेल, बसवेल, चहा ठेवेल,
आणि साखर ढवळता ढवळता म्हणेल,
हिस्सा विकला तं सांगतलं कायले नाही व?

नको, म्हणते मी प्रणोतीला. ऊन आहे.

सव्विसाव्या मिनिटाला ती दिसतेच.
ओट्यावर, उकाड्याने बाहेर आलेली,
बोटाने दातांना गुडाखू घासत.
केस पार पांढरे. बसणं तेच, एक पाय दुमडून.
पोराच्या चपलेचा आवाज ऐकते,
मान वर करते,
आणि भुवया उंचावून सरळ माझ्याकडे बघते.

रोज इथे मी श्वास धरते.
रोज पोरगा पुढे निघून जातो.

आज तिला तिथेच थांबवलं.
उठले. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी टाकलं,
दारावरची ओली चादर उलटी केली,
हात पुसत परत आले.

ती अजून विचारतेच आहे.