तीस खेपा

गरम पाण्यातून काढलेली जाळी
मी आमोसच्या चेहऱ्यावर दाबून धरते.
निवेपर्यंत हलायचं नाही.
तो हलत नाही. डावा डोळा तेवढा
नाकाकडे घसरलेला, त्याच्या हातात नसलेला.

डिसेंबरात औलूला दिवस नुसता उगवल्यासारखं करतो.
बापलेक अंधारात येतात, अंधारात जातात.
बाप, इल्मारी, रस्त्यावरचा बर्फ हटवायचं यंत्र चालवतो;
दारापाशी बूट झटकतो
आणि खेपा मोजतो, सरपण मोजावं तशा.

अकराव्या खेपेला आमोस ठसका न लागता दूध प्याला.
एकोणिसाव्याला शीळ घातली, वाकडी, पण घातली.
तिसाव्याला दोन्ही डोळे
एकदम माझ्याकडे वळले
आणि मी काचेमागे जाऊन
उगाच बटणं पुसली.

पुढच्या महिन्यांना आमच्याकडे शब्द आहे: मधुचंद्र.
कुणाला सुचला असेल?

मार्चमध्ये फोटो आला.
गोठलेल्या खाडीला पाडलेलं भोक, भोकाशी आमोस,
हातात वीतभर मासा.
खाली इल्मारीचं अक्षर: एकटा चालत गेला.

तक्त्यातले आकडे मला पाठ आहेत.
त्याने विचारले नाहीत,
मी फोटो फळ्यावर टाचला.

जूनमध्ये, रात्रच होत नाही तेव्हा,
तो एकटा आला, मुखवटा मागायला.
कपाटात होता. नाकापाशी
आमोसने रंगवलेल्या कोल्ह्याच्या मिश्या.
मी पिशवी शोधू लागले.
नको म्हणाला,
आणि गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून
त्याला पट्टा लावला.