पाहुण्याला काय दाखवायचं

यानिस सीबीएसला उतरला बुधवारी दुपारी,
पाठीवर सॅक, गळ्यात हिरवा लोकरी मफलर.
मार्चमध्ये. कोल्हापुरात.
रिक्षावाला म्हणाला, "पावणं कुठलं म्हणायचं?"
फ्रान्सचं.
"पॅरिस?"
न्हाई, सेंत एतिएन.
"आसू दे," तो म्हणाला, "बसा."

त्याच्या गावात मी सात आठवडे होतो,
कंपनीनं मशीन शिकायला धाडलेलं.
इंग्रजी दोघांचंही दुसऱ्याच्या मापाचं,
चालताना टाच निसटायची.
रविवारी तो मला गाव दाखवायचा. म्हणजे
मोठं चर्च आलं की बोट करून म्हणायचा, "चर्च,"
आणि पुढं सुटायचा.
थांबायचा भलतीकडंच.
एका गंजलेल्या शटरपुढं, जिथं त्याची आई
रिबिनी मोजून गुंडाळायची.
एका जिन्याच्या चौथ्या पायरीवर, जिथं कुणी क्लेर
त्याला नाही म्हणाली, मग हो, मग परत नाही.
ट्रामच्या एका थांब्यावर, कारण मॅच हरलेल्या रात्री
तिथून तो बूट हातात घेऊन घरी चालत गेला होता.

शेवटच्या रविवारी त्या दोन काळ्या टेकड्या.
टेकड्या कसल्या, कोळशाच्या खाणीतून
वर काढून टाकलेला दगड. साठत साठत डोंगर झालेला.
वर आता पांढऱ्या खोडांची झाडं.
"माझा आजा इथं आहे," यानिस म्हणाला.
मला वाटलं, पुरलाय.
"नाही. यातलं थोडं त्यानं काढलंय."
विशीत अल्जेरियातून आला होता आजा,
आणि खोकत खोकत गेला. एवढंच सांगितलं.
मग आम्ही गार सँडविच खाल्लं.

वृषालीनं यादी करून ठेवली होती फ्रिजवर:
अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा,
चप्पल नऊ नंबरची मिळते का बघणे.
महाद्वारातून आत शिरताना मी बोट केलं,
"देऊळ."
तो असा हसला की फुलवाली हार ओवायची थांबली.

मग यादी खिशात गेली.
गंगावेशीत म्हैस दारात उभी होती,
धार पितळी ग्लासात, वर बोटभर फेस.
याच माणसाचा बाप मला परीक्षेच्या दिवसांत
उधार दूध द्यायचा, ते चोवीस रुपये अजून बाकी आहेत.
पुढं सायकलच्या दुकानात भिंतीवर पुराची रेघ,
यानिसच्या कपाळापर्यंत.
त्यानं मफलर वर धरून मोजली.
पेठेच्या कोपऱ्यावर मी थांबलो,
इथं मला पलीकडच्या पेठेच्या पोरांनी हाणला होता,
आमचा गोल ऑफसाइड नव्हता म्हटल्याबद्दल.
"होता का?" यानिसनं विचारलं.
होता.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं, तेही इंग्रजीत.

संध्याकाळी शिरोलीला गेलो. फाउंड्रीच्या मागं
वापरून जळालेल्या वाळूचा ढीग,
काळा, दोन पुरुष उंच, कडेला एरंड उगवलेला.
मी काही सांगितलं नाही.
त्यानं विचारलं, "कोण?"
वडील, मी म्हटलं. एकतीस वर्षं मोल्डिंगला.
तो चढायला लागला. बूट रुतत होते,
वाळू सरकत होती, तो दोन पावलं वर, एक खाली,
आणि वरून त्यानं हायवेकडं बघत
मफलर सोडला, घाम पुसला.

घरी बाबा खाटेवर टेकून बसलेले.
खोकल्याची उबळ संपेपर्यंत पाहुण्याला हातानंच बस म्हणाले.
"पन्हाळा दावलास?"
न्हाई.
"रंकाळा तरी?"
न्हाई.
"मग दिसभर काय दावलंस रं पावण्याला?"

यानिस उंबऱ्यात वाकून बूट काढत होता.
बुटातनं वाळू पडली फरशीवर, मूठभरसुद्धा नाही.
वृषाली केरसुणी आणायला उठली.
बाबा तिच्याआधी खाली वाकले,
चिमटीत धरली, अंगठ्यानं दाबून बघितली,
सवयीनं, डोळे बारीक करून,
आणि म्हणाले,
"वल कमी हाय."