वाहनाचा प्रकार

अण्णांनी अख्ख्या इंदूरला लायसनं काढून दिली.
एकतीस वर्षं, आरटीओच्या फाटकाबाहेर,
कडुलिंबाखाली एक टेबल, एक स्टॅम्पपॅड
आणि डिंकाची बाटली, जिचं बूच कधीच नीट बसलं नाही.
आठ काढताना पाय टेकवणाऱ्या मास्तरीणबाई,
मोतीबिंदू लपवणारा टेम्पोवाला
(त्याला आधी डॉक्टरकडे पाठवलं, मग फॉर्म भरला).
माझंच तेवढं त्यांना जमत नाहीये.

दोनशे सात तास उडाले मी
जिथं धावपट्टी संपते त्याच ओळीत समुद्र सुरू होतो
अशा बेटांवरून.
आडवा वारा, रात्र, शेजारची सीट रिकामी.
लॉगबुकात सगळं आहे निळ्या शाईत,
पानापानाखाली परीक्षकाची वळणदार सही.
इथं ती सही कोणाच्या ओळखीची नाही.

आधी म्हणाले, तीन पेपर द्या.
दिले. हवामानात दोनदा आपटले,
जन्मभर माळव्याचं आभाळ बघून.
तिसऱ्यांदा सुटले, तोवर
इन्स्ट्रुमेंट रेटिंग शिळं झालं.
ते ताजं केलं राऊजवळचा प्लॉट विकून,
तर मेडिकलची तारीख उलटली.
मेडिकल झालं,
आणि त्याच सोमवारी परिपत्रक आलं:
चाचणीचं उड्डाण सहा महिन्यांच्या आतलं हवं.
माझं सात महिने अकरा दिवसांचं.

शिवाय तिकडच्या लायसनवर मी
रत्नपारखी मृदुला.
इकडच्या मार्कशीटवर कु. मृदुला श्रीधर रत्नपारखी.
शंभराच्या स्टॅम्पपेपरवर शपथेवर लिहून दिलं
की ह्या दोघी एकच बाई आहेत.
नोटरीनं मान वर न करता विचारलं,
दोघी आल्यात का?

गुरमीत छाबडा माझ्या बॅचचा. तो आखातात गेला.
तिथं पुन्हा पहिल्यापासून, चौदा पेपर.
परवा फोनवर म्हणाला,
विमान दोन तासांत तीन देश ओलांडतं गं,
मी चार वर्षांत एक काउंटर.
मग बराच वेळ दोघं
कोणत्या फॉर्मला कोणता फोटो चालतो
एवढंच बोलत राहिलो.

अण्णांना खिडकी सापडत नाही.
सगळं ऑनलाइन, ना कारकून, ना कडुलिंब,
ना चहा पाजावा असा माणूस.
तरी फाइलला रंगीत चिठ्ठ्या लावतात,
लाल म्हणजे संपत आलेलं,
हिरवी म्हणजे अजून जिवंत.
गेल्या आठवड्यात हिरव्या चिठ्ठ्या संपल्या,
आणायला गेले नाहीत.

संध्याकाळी बिजासनच्या टेकडीवर जातो आम्ही.
देवीला हात जोडून लोक कठड्याशी येतात,
पोरं विमानं मोजतात, कोणी भुट्टा खातं.
दिल्लीचं येतं सुपर कॉरिडॉरवरून, दिवे लावून.
माझा उजवा हात आपोआप
मांडीवरच थोडा मागं सरकतो.
अण्णा विचारतात, आता काय केलं त्यानं?
फ्लॅप्स, मी म्हणते. वेग कमी केला.
आता?
आता काही नाही. आता फक्त थांबायचं,
चाकांनी जमिनीला विचारेपर्यंत.
ते मान हलवतात, जणू
हे कलम त्यांना आधीपासून पाठ होतं.

काल चष्मा शोधताना त्यांची जुनी वही हाती आली.
आखलेले रकाने: नाव, वाहनाचा प्रकार, मुदत, फी.
दुचाकी. दुचाकी. हलकं चारचाकी. ट्रॅक्टर. दुचाकी.
नवं लायसन हातात पडलं की समोर शाईची बरोबर.
शेवटच्या पानावर, सगळ्यांच्या खाली,
माझं नाव. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.
प्रकार: हवाई.
मुदतीच्या रकान्यात तारखा लिहून खोडलेल्या,
कागद तिथं इतका पातळ झालाय
की मागच्या पानावरचा ट्रॅक्टर दिसतो.
फीच्या रकान्यात आडवी रेघ.

सगळं पेन्सिलीत.
टोक नुकतंच काढलेलं होतं.